नातीची बाटली, आजीची त्वचा

पनवेलमधील माझ्या दवाखान्यात हल्ली आजीबाई नातीच्या सीरमची बाटली घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, हे मी लावू का?" लावण्यापूर्वी विचारले, याचे मला समाधान वाटते.

ग्लायकॉलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक ही आम्ले मृत पेशींचा थर सैल करतात. रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन ही 'अ' जीवनसत्त्वाची रूपे. ती नव्या पेशी वेगाने घडवतात. दोन्ही उपयुक्त, परंतु एकाच रात्री लावल्यास त्वचेचे संरक्षक कवच दुबळे होते. वार्धक्यात ते मुळातच नाजूक असते. माझ्या आईच्या हातावरची चिकटपट्टी काढतानाही त्वचा सोलली जाई. तरुणपणी जी नुसती जळजळ, ती या वयात जखम होऊ शकते. मधुमेहींची तर लवकर भरत नाही.

म्हणून एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे. रेटिनॉल वाटाण्याएवढे, आठवड्यातून दोन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. ते सोसल्यास महिन्या-दोन महिन्यांनी आम्ल, वेगळ्या रात्री, आठवड्यातून एकदाच. उरलेल्या रात्री केवळ मॉइश्चरायझर. आपली हवा दमट असली तरी तो हवाच. दिवसा सनस्क्रीन. आग वा लाली आल्यास दोन्ही थांबवावीत. ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये.

कुरूप घालवण्याच्या पट्टीतही तीव्र सॅलिसिलिक आम्ल असते. मधुमेहींनी ती परस्पर लावू नये. बाटलीवरील बारीक अक्षरे आजी-आजोबांना दिसत नाहीत. घरच्यांनी ती वाचून दाखवावीत. एवढी सेवाही पुष्कळ आहे.