कावेरीकाठची पिवळी जर्सी

२०१८ च्या उन्हाळ्यात मी बँकेच्या नोकरीनिमित्त कुंभकोणमला होतो. एप्रिलमध्ये तिथली कावेरी म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू. संध्याकाळी पोरं घाटाच्या पायऱ्या उतरून थेट पात्रात जायची आणि टेनिस बॉलने खेळायची. पाठीवर धोनीचा ७ आकडा असलेली चेन्नईची पिवळी जर्सी कुणा ना कुणाच्या अंगात हमखास असायचीच. चेंडू पायऱ्यांवर आदळला की दोन बोटं तोंडात आणि शिट्टी.

त्या वर्षी शिट्टीला धार होती. सट्टेबाजीच्या प्रकरणात लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्जवर दोन वर्षांची बंदी घातली होती. २०१६ आणि २०१७ हे दोन्ही हंगाम संघाविना गेले. त्या काळात धोनी पुण्याच्या संघात होता. गहुंज्याच्या मैदानावर मी त्याला जांभळ्या कपड्यांत खेळताना पाहिलं होतं. पुण्याने टाळ्या वाजवल्या, पण जीव लावला असं मला वाटलं नाही. कुंभकोणमला हे सांगितलं की लोक खोदून खोदून विचारायचे, घरचं माणूस परगावी कसं राहिलं याची चौकशी करावी तसे.

मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो त्या घरमालकांना सगळी गल्ली ‘अय्या’ म्हणायची. तिरुविडैमरुदूरच्या बाजूला त्यांची भातशेती. मुलगा कॉलेजात शिकणारा आणि ‘तला’ धोनीचा भक्त. ७ एप्रिलला वानखेडेवर पुनरागमनाचा सामना झाला. ब्राव्होने ३० चेंडूंत ६८ धावा काढल्या. मांडीचा स्नायू दुखावून तंबूत गेलेला आपला पुण्याचा केदार जाधव शेवटी लंगडत परत आला, त्याने एक षटकार नि एक चौकार मारला आणि एक गडी राखून सामना काढला. मुलगा धडाधड जिना चढून आला आणि ओरडला, “सार, उंग ऊरु!” तुमच्या गावचा!

तीनच दिवसांनी चेपॉकवर सामना होता आणि घरात बापलेकाचं बोलणं बंद होतं.

कारण होतं कावेरीचं पाणी. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारीला कावेरी पाणीवाटपाचा निकाल दिला होता. तमिळनाडूचा वाटा १९२ टीएमसीवरून १७७.२५ वर आला. पाणीवाटपाची यंत्रणा सहा आठवड्यांत उभारायची होती. ती मुदत मार्चअखेर उलटून गेली. कावेरीचा डेल्टा पाण्यासाठी तडफडत असताना चेन्नईत जल्लोष नको, अशी मागणी उठली. अय्यांना ती मनापासून पटली होती. कावेरीवरचं मेट्टूर धरण १२ जूनला उघडलं तर कुरुवैचं, म्हणजे पहिल्या हंगामाचं भात साधतं, आणि २०१२ पासून ती तारीख हुकत होती. आमच्या शाखेत त्याचा हिशेब रोज काउंटरवर दिसायचा. बायका रुमालाची गाठ सोडून बांगड्या, कानातली तारणासाठी पुढे ठेवायच्या. सोनार कसोटीवर घासून वजन सांगेपर्यंत त्यांची नजर त्या दागिन्यांवरून हलायची नाही.

१० तारखेचा सामना झाला. चेन्नईने कोलकात्याच्या २०२ धावांचा पाठलाग केला, पण सीमारेषेजवळ उभ्या जडेजाच्या दिशेने आंदोलकांचे बूट आले. उरलेले घरचे सामने पुण्याला हलवले गेले.

टीव्हीवर रात्रभर ‘चाहते विरुद्ध शेतकरी’ अशी भांडणं चालायची. मला त्याची चीड यायची. कुंभकोणममध्ये तेव्हा या दोन जमाती वेगळ्या नव्हत्याच. सकाळी रास्ता रोकोत बसलेला मुलगा रात्री स्कोअर बघायचा, आणि दोन्हीकडे त्याचा जीव सारखाच तुटत होता. संघ गेलेलं आणखी एक शहर मला आठवायचं. अमेरिकेत क्लीव्हलँड ब्राउन्स हा फुटबॉल संघ मालकाने १९९५ च्या हंगामानंतर बाल्टिमोरला नेला, तेव्हा शहराने भांडून संघाचं नाव, रंग आणि इतिहास स्वतःकडे ठेवला. १९९९ मध्ये त्याच नावाने संघ पुन्हा उभा राहिला. तिथे मालकाने दगा दिला होता. इथे ज्यांचा संघ गेला, त्यांचीच मागणीही रास्त होती.

१९ एप्रिलला पिवळ्या जर्सीतले सुमारे हजार चाहते घेऊन खास रेल्वे चेन्नईहून पुण्याला निघाली. मुलाला जायचं होतं; त्याने अय्यांना विचारलंच नाही. वॉटसनने गहुंज्यावर शतक ठोकलं ते आम्ही माझ्या खोलीत पाहिलं. अय्या खालून फक्त एकदा ओरडले, “जिंकले का?”

मे महिन्यात वानखेडेवर चषक आला. मेट्टूरचे दरवाजे १९ जुलैला उघडले, कुरुवैला उशीरच.

पुढे माझी बदली पुण्याला झाली. मार्च २०२४ मध्ये धोनीच्या जागी ऋतुराज गायकवाड कर्णधार झाला, त्या संध्याकाळी अय्यांचा फोन आला. पोरगा कुठला, घरचे कोण, त्यांनी सगळं विचारलं. मूळ गाव पुरंदर तालुक्यातलं, पारगाव मेमाणे, मी म्हणालो.

“तिथे नदी आहे का?”

कऱ्हा आहे, पण पुरंदर दुष्काळी तालुका, पाणी पंपाने उचलून डोंगरावर न्यावं लागतं, असं सांगितल्यावर त्यांनी ऋतुराजचा विषयच सोडला. किती फूट उचलतात, वीजबिल कोण भरतं, एकरी किती पैसे पडतात, हे ते बराच वेळ विचारत राहिले.