पंख सांगेल तेवढंच

सुरतेचं कापूस संशोधन केंद्र म्हटलं की जाणत्यांना 1970 सालचं हायब्रीड-4 हे कपाशीचं वाण आणि डॉ. सी. टी. पटेल आठवतात. माझी नजर जाते ती कपाशीच्या पानामागे, केसासारख्या देठावर तोललेल्या एकेका अंड्याकडे. त्यातून निघालेली अळी मावा फस्त करते. शेतकरी तिला सरसकट क्रायसोपा म्हणतात. शेतात तेवढं पुरतं, प्रयोगशाळेत पुरत नाही; तिथं मलाडा आणि क्रायसोपर्ला या दोन प्रजाती वेगळ्या ओळखाव्या लागतात.

अळी हाती लागली तर निम्मं काम सोपं. शिकारीच्या साली आणि कचरा पाठीवर लादून हिंडते ती मलाडा, उघड्या पाठीची ती क्रायसोपर्ला. प्रौढ दोन्ही हिरवे, सोनेरी डोळ्यांचे. अल्कोहोलमध्ये हा हिरवा रंग उतरून जातो. शिरांची मांडणी टिकते. म्हणून पुढचा पंख मुळाशी सोडवून ग्लिसरीनच्या थेंबात पसरते. सूक्ष्मदर्शकाचा खालचा उजेड मंद ठेवायचा, नाहीतर फिकट शिरा दिसेनाशा होतात. पंखाच्या मुळाकडून मधल्या शिरेवर आलं की एक छोटा, लांबट कप्पा लागतो. वरून येणारी पहिली आडवी शीर कप्प्याच्या पलीकडे उतरली तर क्रायसोपर्ला. कप्प्यावरच उतरली तर मलाडा किंवा तिच्या भाऊबंदांपैकी कुणी. एका पंखावर विसंबू नये, दुसराही बघावा.

आपल्याकडे कपाशीवर, आंब्यावर सापडणाऱ्या मलाडाला बोनिनेन्सिस म्हणत. प्रशांत महासागरातल्या बोनिन बेटांवरून ओकामोटोनं 1914 साली ते नाव दिलं. आता ती देसजार्डिन्साय या जुन्या नावात मोडते.

क्रायसोपर्लाचा पंख जातीपर्यंत नेत नाही. वर्षानुवर्षं आपण तिला कार्निया म्हणत आलो. 2010 साली हेन्री आणि सहकाऱ्यांनी तिची गाणी तपासली. हे किडे पोट थरथरवून पानातून जोडीदाराला साद घालतात, आणि प्रत्येक जातीची साद निराळी. भारतातली ती झास्ट्रोवी सिलेमी निघाली. तरी आजही विकत मिळणाऱ्या या किड्यांच्या पाकिटावर कार्निया छापलेलं बघून मला राग येतो. त्या नावामागोमाग युरोपातल्या किड्यावरचे निष्कर्ष इथल्या किड्याच्या माथी येतात.

विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, पुढचं नाव काय लिहू?’ नुसता पंख हाती असेल तर मी ‘क्रायसोपर्ला, जात अनिश्चित’ एवढंच लिहायला सांगते. खाली गाव, पीक, तारीख. आणि त्याच शेतातून जिवंत किडे आणा म्हणते, गाणं त्यांच्याकडूनच मिळेल.