वांकलेली पाठ

दिवेलागणीनंतर आमची काकी घोंगडीवर पालथी निजे आणि आम्हांस हांक मारी, ‘‘या रं पोरांनो, पाठ तुडवा.’’ भिंतीचा आधार घेऊन तिच्या कमरेवर पाय देण्याचा मान कोणाचा, यावरून आम्हां भावंडांत नित्य भांडण होई. ती मध्येंच कण्हे. तें सुखाचें कण्हणें, अशी आमची बालबुद्धीची समजूत होती.

आमचें गांव कोल्हापुराजवळ, पंचगंगेच्या कांठीं. मुलूख उसाचा. काकी लग्न होऊन आली त्या वर्षापासून परक्यांच्या उसांत भांगलणीस जाते. उकिडवें बसावयाचें, हातीं खुरपें घ्यावयाचें आणि सरींतून टीचभर पुढें सरकत तण काढीत जावयाचें, हें तें काम. गुडघे पुरते दुमडल्यानें वाटीमागील कूर्चेवर दाब पडतो, आणि पुढें झुकलेल्या कमरेच्या पांच मणक्यांमधील गाद्यांस दिवसभर विसावा नसतो. पुढें थंडीच्या दिवसांत बीडकडील टोळ्या तोडणीस येतात. त्यांची गत याहून बिकट. साखर बुडख्याकडील कांड्यांत अधिक असते, शिवाय खोडवें नीट फुटावें म्हणून ऊस जमिनीलगतच तोडावा लागतो. गोडी जेथें अधिक तेथें कोयता जातो, आणि कोयत्यामागून पाठ. मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढवावयाची तें निराळेंच.

शहरांतील एका डॉक्टरांनीं क्ष-किरणांचें चित्र पाहून काकीस बजाविलें, ‘‘यापुढें वांकूं नका.’’ बाहेर येतांच ती आम्हांस म्हणाली, ‘‘न्हाई वाकलं तर खायाचं काय, त्ये इचारलं न्हाईस व्हय रं?’’ आम्हीं खरोखरच विचारिलें नव्हतें.

पुढें आमच्या वाचनांत आलें कीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं शेतमजुरांस फार आंखूड दांड्याची कुदळ वापरावी लागे. काम नेटकें होतें, असें मालक म्हणत. ताठ उभा राहिलेला मजूर मुकादमास दुरूनच दिसे, हीही त्यांची सोय असावी. त्या कुदळीनें पाठ कायमची जाते अशी साक्ष डॉक्टरांनीं दिली, आणि १९७५ सालीं तिच्यावर बंदी आली. दांड्याची लांबी ही न्यायालयांत नेण्याजोगी बाब आहे, हें आम्हांस तोंवर सुचलेंच नव्हतें! आपल्याकडे दापोलीच्या कृषि विद्यापीठानें दांत्यांचा ‘वैभव’ विळा काढला. तो हातास हलका खरा, पण चालवावयाचा वांकूनच.

आम्हीं सुताराकडून एका खुरप्यास छातीइतका दांडा बसवून आणिला. सरीच्या मधोमध तें छान चाललें. बुडख्याजवळ मात्र तणाबरोबर दोन कोंबही उडाले, आणि शेताच्या मालकिणीनें काकीस चार शब्द सुनाविले. तेव्हांपासून काकी अर्धी सरी उभ्यानें भांगलते आणि कोंबांपाशीं आली कीं दांडा बांधावर टाकून खालीं बसते.

संध्याकाळीं पाठ तुडवावयास आतां धाकट्या भावाची मुलगी असते. ती चार वर्षांची आहे, आणि तिला हा खेळ फार आवडतो.