ढगातली मोड

कन्नड भाषेत ढगाला 'मोड' म्हणतात आणि आपल्या मराठीत सुट्या पैशांना. 'क्लाउड कॉम्प्युटिंग' हे प्रकरण मला या दोन शब्दांनीच उलगडले.

कल्पना तशी जुनीच. वीज-पाण्याप्रमाणे संगणनशक्तीही पुरवता येईल, असे जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच सुचवले होते. २००६ मध्ये ॲमेझॉनने ती तासाला दहा सेंट भाड्याने देऊ केली. नावीन्य आहे ते या मोडीत! भलामोठा संगणक विकत न घेता लागेल तेवढाच वापरायचा.

आमच्या कापडदुकानात यावर सध्या रोज वाद रंगतो. यंत्र घेतले तर भांडवली खर्च, सेवा घेतली तर महसुली; शिवाय दिवाळीला जास्त, आषाढात कमी, असे माझे म्हणणे. बाबा विचारतात, "भाडे थकले तर खतावणी कोणाची?"

प्रश्न रास्त आहे. ड्रॉपबॉक्सने आपली बहुतेक साठवण ॲमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रांवर नेली आणि २०१६-१७ या दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रांत बिघाड झाला, तेव्हा देशोदेशींच्या सेवा अडल्या.

मला वाटते, ज्याचे काम मोठे व बारमाही, त्याने स्वतःचे घर बांधावे. ज्याचे लहान व हंगामी, त्याने भाड्याने राहावे. आम्ही दुसऱ्या वर्गातले. म्हणून बाबांना सुचवले आहे, की हिशोब ढगात ठेवू, पण दर शनिवारी त्याची एक प्रत दुकानच्या कपाटात राहील. ते अजून विचार करीत आहेत.