घोंगडं लवकर रुळत नाही

नवं घोंगडं कुणाला लगेच जवळ करत नाही. घडी मोडली तरी घडीच्या खुणांवर ताठच राहतं, अंगावर घ्यावं तर खांद्यावरून घसरतं, मानेला टोचतं, आणि वास असा की पहिल्या रात्री मेंढरूच शेजारी येऊन बसलंय असं वाटावं. त्या वासात आणखी एक पिठूळ, भाजका वास मिसळलेला असतो, तो चिंचोक्यांचा. शहरातून आलेलं पाहुणं माणूस एक रात्र कशीबशी काढतं आणि सकाळी हळूच विचारतं, एखादी चादर मिळेल का? घरातली म्हातारी माणसं मात्र त्याला सोडत नाहीत. त्यावरच बसतात, त्यावरच शेंगा फोडतात, दुपारी तेच अंथरून आडवी होतात, पहाटे तेच पांघरून गोठ्यात जातात. असे काही हिवाळे-पावसाळे गेले की मग कुठं त्याचा ताठा उतरतो. तो घडवतानाच मुद्दाम घातलेला असतो, त्यामुळं जायलाही वेळ घेतो.

हे घडवणं शिकायचं म्हणून मी माणदेशातल्या एका सणगर गल्लीत गेले. धनगरांनी मेंढरं राखायची आणि सणगरांनी त्यांच्या लोकरीची घोंगडी विणायची, ही इकडची जुनी वाटणी. मला वाटलं होतं, मागावर बसवतील. तिथल्या विणकर तात्यांनी धोटा हातातसुद्धा दिला नाही. त्यांचा पहिला प्रश्न: "मेंढरू कातरताना बगितलंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग आदी ते बगून या. मग बसा."

म्हणून आधी धनगराच्या वाड्यावर. वाडा म्हणजे शनिवारवाडा नव्हे. रिकाम्या रानात टाकलेला मुक्काम, घोड्यावरून उतरवलेला संसार आणि वाघरीच्या जाळीत दाटीनं बसलेली मेंढरं. ज्याच्या रानात मेंढरं बसतात तो शेतकरी धनगराला धान्य नाहीतर पैसे देतो, कारण एका रात्रीत जमिनीला जे लेंडीखत मिळतं ते पोत्यांनी विकत आणून परवडत नाही. पाऊस सरला की हे कळप हिरव्या चाऱ्याच्या मागं निघतात. काही कोकणात उतरतात, काही नदीकाठानं जातात, आणि मृगाच्या सुमारास माळावर परततात. घोंगड्याचं अर्धं आयुष्य असं चालण्यात जातं, तेही जन्माच्या आधी.

कातरणी वर्षातून दोनदा. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्याला धुतात, अंगावर ऊन देऊन वाळवतात. मग पाय बांधून मेंढरू कुशीवर निजवायचं आणि लांब पात्याची लोखंडी कातर कातडीला लावून चालवायची. करकर असा एकसुरी आवाज येतो आणि लोकर केसाकेसानं न सुटता एकसंध सुटत जाते, काळी पासोडी उलटावी तशी. ती पासोडी हातात घेऊन पाहिली की कळतं, वरून जे काळं दिसतं ते वरून काळं नसतंच. उन्हानं टोकं तांबूस पडलेली असतात. खरा काळा रंग आत, कातडीलगत. त्यात सराटे, कुसळं, वाळक्या काड्या, चिकटलेली माती. हात तेलकट होतात आणि तो तेलकटपणा साबणानं लगेच जात नाही. वाड्यावरचे धनगर मामा एक सराटा काढून दाखवत म्हणाले, "ह्यो आपल्याकडचा न्हाय. खालनं आणलाय." मेंढरू कुठं कुठं फिरलं याची नोंद अशी अंगावरच असते.

ही दख्खनी मेंढी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे घरातलेच पोटभेद. लोकर जाड, भरड आणि थोडी. एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही, त्यामुळं एका मेंढीच्या लोकरीत घोंगडं कधीच होत नाही. स्वेटर विणणाऱ्या बायका ही लोकर हातात घेऊन नाक मुरडतील. पण हा भरडपणा इथल्या माळानं घडवलाय. दुपारी भाजणारं ऊन, पहाटे झोंबणारा गारठा, अचानक आलेली वळवाची सर: यात मऊ, दाट लोकरीची मेंढी ओली होऊन कुजली असती. ही भिजते, अंग झाडते आणि चालायला लागते. घोंगड्यानं स्वभाव घेतलाय तो आईकडून.

गल्लीत परत आल्यावरही माग लांबच राहिला. आता गल्लीतल्या सूत कातणाऱ्या मावशींच्या हाताखाली. लोकर निवडायची, काळी-पांढरी-तांबूस वेगळी करायची, बोटांनी मोकळी करायची. पूर्वी तात लावलेल्या धनुकलीनं पिंजत. आता बऱ्याच ठिकाणी ते काम यंत्र करतं आणि मावशींना त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. "छातीत केस जायाचं," एवढंच म्हणाल्या. हस्तकलेवर हळवं लिहिणाऱ्यांनी (त्यात मीही आले) हे वाक्य कुठंतरी लिहून ठेवावं.

मग पेळू, चरखा आणि चाती. कापसाचा धागा बोटांतून आपण होऊन निसटतो, लोकरीचा अडून बसतो. केस एकमेकांना धरून असतात. ओढलं की एकदम पुंजका सुटतो आणि सुतात गाठ येते. मावशींनी माझं मनगट धरलं. "ओढू नगंस पोरी. चाक ओढतंय की. तू निस्तं सोड." त्यांचा डावा हात मागं मागं जातो, पेळूतून काळी रेघ निघत राहते, उजव्या हातानं चाक, आणि तोंडानं शेजारणीशी लग्नाची बोलणी. रेघ कुठं जाड होत नाही. नवख्या हाताचं सूत मात्र आडव्यात जातं. उभ्याला लागतं बारीक, करकरीत पिळाचं सूत, कारण मागावर सगळा ताण उभ्यानं सोसायचा असतो. आडवं जरा ढिलं, जाडसर असलं तरी चालतं, उलट ऊब तेच धरतं. म्हणजे घोंगड्यात शिकाऊ माणसालाही जागा आहे, फक्त भार त्याच्यावर टाकत नाहीत.

चिंचोके आता येतात. भाजायचे, टरफलं काढायची, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून त्याची खळ करायची. कारण असं की भरड लोकरीच्या सुताला चहूबाजूंनी केस असतात. तसंच मागावर चढवलं तर शेजारशेजारचे धागे एकमेकांत गुंततात आणि तटातट तुटतात. खळ ते केस बसवते, धाग्याला बळ देते. सकाळी ऊन आलं की गल्लीत ताणा पसरतात: या टोकाच्या खुंटापासून त्या टोकाच्या खुंटापर्यंत काळ्या धाग्यांचा रुंद पट्टा, जमिनीपासून अधांतरी. दोघंजण दोन बाजूंनी कुंचा घेऊन चालतात, खळ फासत, केस एका दिशेला बसवत, तुटलेला धागा बोटानं पिळून जोडत. वाळलं की पुन्हा हात. मधे मोटारसायकलवाला येतो, हॉर्न वाजवत नाही, गाडी बंद करून पलीकडच्या बोळातून ढकलत नेतो. त्याला ठाऊक असतं की ताण्याला धक्का लागला तर शिव्या कुठल्या पिढीपर्यंत जातील.

पावसाळ्यात हे काम बंद. खळ वाळत नाही. ज्या दिवसांत घोंगडं सगळ्यात जास्त लागतं, त्याच दिवसांत ते करता येत नाही. हा विरोधाभास गल्लीत कुणालाच वाटत नाही, त्यांचं वर्ष त्याच हिशेबानं आखलेलं.

विणण्याचं फार सांगत नाही. खड्डा माग: पाय खड्ड्यात, अंग जमिनीला टेकलेलं, धोटा इकडून तिकडं. बघताना सोपं वाटतं. तात्यांची पाठ कशी झालीय ते पाहिलं की वाटत नाही.

घोंगडं एकदा घराबाहेर पडलं की कुणाच्याही खांद्यावर जातं. पावसात शेतकरी त्याची खोळ करून डोक्यावर घेतो. दोन्ही हात कामाला मोकळे राहतात, आणि छत्री धरून कुणी नांगरलेलं ऐकिवात नाही. भरड लोकर पाणी वरच्यावर निथळवते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा पिताना थोडी ऊबही सोडते. शास्त्रज्ञांनी हे मोजलं. मेंढक्यांनी ते अंगावर घेऊन रात्री काढल्या. साप-विंचू घोंगड्यावर चढत नाही असंही मामा ठामपणे सांगतात. तिथं मी वाद घातला नाही, पण झोपताना अंथरूण झटकून घेतलं.

सोवळ्याच्या घरात हीच लोकर धाबळी होऊन स्वयंपाकघरापर्यंत गेली, कारण लोकरीला विटाळ नाही. ज्या धनगराच्या मेंढरावरून ती उतरली, त्याला त्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. घोंगड्यानं हे दोन्ही पाहिलंय. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात, खांद्यावर घोंगडी टाकून गेले, तेव्हा त्या दिवाणखान्यात राणीच्या मुलाला रयत कशी दिसते हे सांगायला फार बोलावं लागलं नसणार.

आणि देवाच्या दारी तर त्याचा मान आहेच. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर खोबरं उधळतात आणि लोकरही उधळतात. पिवळ्या धुरळ्यात काळे-पांढरे पुंजके उडतात, माणसं ते झेलून कपाळाला लावतात, पदरात बांधून घरी नेतात.

यात्रेबाहेर त्या लोकरीला कुणी विचारत नाही. पानिपतकडच्या, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेल्या स्वस्त चादरी आणि रंगीत फुलांची मऊ अॅक्रिलिक ब्लँकेटं आठवडी बाजारात ढिगानं पडलेली असतात. ती टोचत नाहीत, वास मारत नाहीत, धुवायला सोपी आणि पहिल्या दिवसापासून लाडात येतात. तात्या त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. एकदा फक्त त्यांनी अॅक्रिलिकचा एक धागा आणि घोंगड्याचा एक धागा काडीनं पेटवून दाखवला. अॅक्रिलिक वितळलं, काळा धूर सोडत गेलं, टोकाला कडक मणी झाला. लोकरीचा धागा कुरकुरला, जळक्या केसांचा वास आला आणि काडी बाजूला घेताच विझला. राख बोटात चुरली. "चुलीजवळ कुणाला घिऊन बसायचं ते तुमीच ठरवा," म्हणाले, आणि परत मागावर बसले.

खरी अडचण ब्लँकेटची नाही, मटणाची आहे. मेंढीचा पैसा आता मांसात आहे. म्हणून कळपात माडग्याळी वाढतेय: उंच, फुगीर नाकाची, भराभर वजन धरणारी, आणि अंगावर लोकर जवळपास नाहीच. धनगराला दोष कसा देणार? दख्खनी मेंढी कातरायला माणूस लावावा तर मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त, न कातरावं तर मेंढरू उकाड्यानं आणि गोचिडांनी हैराण. मग कातरून लोकर बांधावरच टाकून देतात. मी पाहिलीय, बाभळीखाली, पावसानं कुजत पडलेली. भरड देशी लोकरीचं करायचं काय हे सरकारदरबारी किती वर्षं भिजत घोंगडं आहे, ते न विचारलेलं बरं.

याच अवस्थेत शहरातली मंडळी गल्लीत यायला लागली. डिझायनर, कॉलेजची मुलं, माझ्यासारख्या शिकायला आलेल्या. कुणी योगासनांसाठी बैठक मागतं, कुणी लॅपटॉपची पिशवी. माझी त्याला हरकत नाही. मागावर काहीतरी चढलेलं असलं तरच माग राहतो. पण परदेशी मऊ लोकर मिसळून घोंगडं गुळगुळीत करा म्हणतात, तिथं माझं डोकं फिरतं. माळाच्या माणसाला पावडर लावून समारंभात उभं करायचं कशाला? मऊच हवं तर जावळ आहे की. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. ती लोकर मुळातच नाजूक, तिचं घोंगडं अंगाला लागत नाही, आणि ते पूर्वीपासून होतं. फक्त ते थोडं आणि महाग असतं, कारण जावळ आयुष्यात एकदाच निघतं.

परवाच्या खेपेला तात्यांच्या मुलानं फोनवर बैठकींची मागणी घेतली आणि लगेच हिशेब सुरू झाला, घरातली लोकर पुरत नव्हती. पाऊस दारात, खळ लावायला उन्हाचे दिवस मोजकेच राहिलेले. तात्यांनी मामांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन ओट्यावर ठेवला. पलीकडून मेंढरांचा कालवा, कुत्र्याचं भुंकणं, मधूनच मामांचा आवाज. मामा भाव सांगेनात. कातरणाऱ्याची मजुरी तेवढी सुटू दे, म्हणाले.

"सुटंल," तात्या म्हणाले. "पर लोकर बांधावर टाकू नगंस. आणि औंदाचं जावळ दुसऱ्या कुणाला दिलंस तर बग."