एलियास यांची गोष्ट

सामाजिक सिद्धांताच्या पेपरात समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास आले, की मी त्यांच्या नोकरीची कहाणी हटकून सांगायचो. १९३३ मध्ये हिटलर आला आणि फ्रँकफुर्टमध्ये अध्यापनाची पात्रता हाताशी येऊन निसटली. आधी पॅरिस, मग लंडन. विद्यापीठातली पक्की नोकरी मिळाली ती थेट १९५४ साली, लेस्टरला, पन्नाशी केव्हाच उलटल्यावर. समोर सेट-नेटची तयारी करणारी मुलं, स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबानं, राबणारे सहकारी. सगळ्यांना माझा एकच उतारा: धीर धरा, कामाचं चीज होतं.

हल्ली सांगत नाही.

त्यांच्या आयुष्यातली सालं एकदा ओळीनं मांडून पाहिली. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी शिष्टाचाराची जुनी पुस्तकं उपसली. टोपीला नाक पुसणं गावंढळपणाचं, असं इरॅस्मस १५३० मध्ये मुलांना बजावतो. असल्या बारक्यासारक्या सूचनांतून एलियासनी युरोपात माणसाची लाज आणि किळस कशी वाढत गेली ते दाखवलं. १९३९ मध्ये बाझलला छापलेला तो ग्रंथ काही धीरावर लिहून झाला नाही. ज्यू निर्वासितांच्या मदतनिधीतून मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्यावर झाला. पुढची पंधरा वर्षं नजरकैद आणि प्रौढांचे वर्ग यांत गेली, आईला नाझींनी मारलं. त्या काळात छापून आलं ते अगदी थोडं. पुस्तकांची रांग लागली ती लेस्टरनंतर. उपेक्षेनं माणूस तावून सुलाखून निघतो म्हणे! पगार आणि पेन्शन असलेल्यांनाच हे सुचतं.

लेस्टरनंतरच्या त्या पुस्तकांतलंच एक, १९६५ चं, जॉन स्कॉटसनबरोबर लिहिलेलं. लेस्टरजवळच्या एका वस्तीत जुने रहिवासी नव्यांना खालचे समजतात. दोघेही कामगारच, वंश एक, भाषा एक. फरक एवढाच, की हे आधी आले. आधी आल्यामुळे जुन्यांची आपसात एकी आणि नव्यांविषयी कुजबुज.

आता मी हे पुस्तक शिकवतो. उदाहरण द्या म्हटलं, की मागच्या बाकावरून हमखास उत्तर येतं, "सर, आपली स्टाफरूम." त्यातल्या कुठल्या बाजूच्या खुर्चीवर मी बसतो, हे मुलांना ठाऊक असतं.