दोन घरं, मग चिपळूण

पुण्याहून ताम्हिणीमार्गेही चिपळूण गाठता येतं. मी सातारा, कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरलो, कारण वाटेतल्या दोन घरांतून फोटो गोळा करायचे होते.

२२ जुलै २०२१च्या पुरात मावशीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. फ्रिज, गाद्या, भांडी पुन्हा घेता आली. अल्बमचा मात्र लगदा झाला. पुढच्या वर्षी काका गेले, तेव्हा हार घालायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला.

साताऱ्यात मामांनी मावशीच्या लग्नातले ११ फोटो काढून ठेवले होते. कराडचा मित्र हॉस्टेलच्या दिवसांत माझ्यासोबत चिपळूणला आला होता. काकांनी आम्हाला गुहागरला नेलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटांत हसत उभे असलेले काका त्याच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये सापडले.

पुढे कोयनानगर लागलं. कोयना खरं तर कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाणारी. धरणातलं बरंचसं पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत उतरतं. मावशीच्या दारातली नदी अशी निम्मी घाटावरची आहे. आता तिचे फोटोही घाटावरूनच येत होते.

मावशीने गुहागरचा फोटो बराच वेळ हातात धरला. "ही पँट मीच शिवून घेतली होती त्यांना," म्हणाली. मग चष्मा पुसत हिशेबी आवाजात सांगितलं, "एक संच इथे. एक तुझ्याकडे. आणि एक कराडलाच राहू दे. तिथे पाणी नाही ना येत?"

कराडलाही कृष्णा-कोयनेचं पाणी चढतं. मित्राचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, एवढंच सांगितलं.